एका पेशीची भिंत

कंडक्टरच्या प्रशिक्षणात तिकिटाचं मशीन चालवायला शिकवतात, घंटीची दोरी ओढायला शिकवतात, भांडखोर प्रवाशाला कसं गप्प करायचं तेही शिकवतात. पाणी कसं प्यायचं नाही, ते मात्र आम्ही बायका एकमेकींकडून शिकलो. ड्युटीच्या आधी चहा अर्धा कप. दुपारी बिस्किटाचा पुडा. डेपोतली माझ्याहून जुनी एक कंडक्टर मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "पोट बांधून गाडयेर चढाचा गो. खाकी घातली काय पोट इसराचा." मी ते इतकं मनावर घेतलं की पुढची सात वर्षं पोट बांधूनच फिरले.

माझ्या सासरी सकाळी सगळे उकड्या तांदळाची पेज जेवतात. मी खाकी चढवून निघाले की सासू चुलीकडून हाक मारायची, "पेज जेवान जा गो." मी हात हलवायचे आणि जायचे. पेज म्हणजे निम्मं पाणी. ते पाणी तासाभराने कुठे सोडायचं, हे सासूला काय ठाऊक?

पोट बांधूनही बिघडलंच तर त्याचीही सोय होती. गाडीवरच्या बहुतेकांच्या बॅगेत मशीनशेजारी गोळ्यांचं एक छोटं पाकीट असायचं. एक पिवळी, जंतू मारणारी. एक पांढरी, पोट थांबवणारी. डॉक्टरने दिलेल्या नव्हेत, ह्याच्याकडून त्याला आणि त्याच्याकडून तिला आलेल्या. लांबची ड्युटी लागली की मी पोट बिघडायची वाटच पाहायची नाही, आदल्या दिवशीच पिवळी घ्यायची. इतर कंडक्टर आजारी पडायचे तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजायचे.

दोन वर्षांपूर्वी गणपती होऊन गेल्यावर मला पहिल्यांदा रक्त दिसलं. मूळव्याध असेल म्हणून मी गप्प राहिले. मग पोटात कळा येऊ लागल्या, आणि दिवसातून आठ-आठ वेळा जावं लागायला लागलं. पिवळ्या गोळीने थांबेना, पांढरीनेही थांबेना. नवऱ्याला सांगितलं, तेही अर्धंच. माणूस चांगला आहे, पण बायकोच्या पोटाचा विषय निघाला की त्याला अंगणातली कामं आठवतात.

ज्याला हा आजार नाही त्याला एक गोष्ट कळणार नाही. यात पोट विचारत नाही, हुकूम सोडतं. हुकूम आला की हातात दोन मिनिटं असतात, फार तर तीन. आणि माझा मार्ग तळेरे ते कुणकेश्वर. तळेऱ्याच्या स्टँडवर संडास आहे. वाटेत एक पेट्रोल पंप आहे. त्यानंतर एकदम कुणकेश्वरचं देऊळ. पंप आणि देऊळ यांच्यामध्ये सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे आडोशाला झाड नाही. आंब्याच्या बागा आहेत, पण त्यांना दगड रचलेले गडगे आणि फाटकांना कुलपं. पुरुष प्रवासी खुशाल खाली उतरून पाठ करून उभे राहायचे. मी दारातून बघायचे आणि माझा जळफळाट व्हायचा.

दार माझ्या हातात, दोरी माझ्या हातात. कुणाला कुठे उतरवायचं ते मी ठरवणार, आणि मला स्वतःला उतरता येत नव्हतं. सडा लागला की मी दांडी घट्ट धरून उभी राहायचे आणि रस्त्याकडेचे दगड मोजायचे. तिकीट मागणाऱ्यावर उगाच खेकसायचे. लोक म्हणायचे, ही बाई फार तिरसट. होतेच मी.

माझा ड्रायव्हर निवृत्तीला टेकलेला. मी त्यांना काका म्हणते, ते मला बाय. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. पण त्या दिवाळीनंतर पेट्रोल पंप आला की ते गाडी बाजूला घ्यायचे आणि मागे न बघता सांगायचे, "इंजान तापला आसा. पाच मिनटा." ऐन थंडीतसुद्धा आमचं इंजिन रोज त्याच पंपावर तापायचं. मी जाऊन यायचे, ते बॉनेट बंद करायचे.

घरच्यांचं म्हणणं एकच होतं, गाडी सोड आणि स्टँडवर बुकिंगच्या खिडकीत काम मागून घे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, अर्जात कारण लिहावं लागतं, आणि ते कारण चार टेबलांवरून फिरतं. पण खरी अडचण ती नव्हती. मला खिडकी नकोच होती. लग्न होऊन आले तेव्हा माझं जग विहिरीपासून चुलीपर्यंत होतं. आता दोनदा दोरी ओढली की पन्नास माणसांची गाडी माझ्या शब्दावर हलते. हे एक सुख मी स्वतः कमावलेलं, आणि ते माझं पोट माझ्या हातून काढून घेत होतं. मला त्या पोटाचा अक्षरशः राग यायचा.

मग महाशिवरात्र आली. कुणकेश्वरच्या जत्रेला जादा गाड्या लागतात, रजा कुणालाच मिळत नाही. मी आदल्या दिवशी दोन पिवळ्या घेतल्या, सकाळी पांढरी घेतली आणि पाण्याचा थेंबही न पिता गाडीवर चढले. गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सड्यावर एकुलता एक थांबा आहे, तिथे एकटीच राहणारी एक म्हातारी चढली. तिला मी ओळखत होते, दर मंगळवारी तळेऱ्याच्या बाजाराला यायची. कुणीतरी उठून तिला दारामागची पहिली जागा दिली. देवळात रांगेत बसायला म्हणून तिने एक चादर घडी करून काखेत धरली होती.

तिथून थोडं पुढे गेलो आणि रस्ता तुंबला. पुढे गाड्या, मागे गाड्या, वर बाराचं ऊन. अर्धा तास गाडी जागची हलली नाही. पोटाने हुकूम सोडला तेव्हा मी दोरी एकदा ओढली. काकांनी आरशातून बघितलं आणि मान हलवली. गाडी उभीच होती, अजून कुठे थांबवणार? उतरून जायचं तर दोन्ही बाजूंना शेकडो माणसं पायी चाललेली. मी दांडी धरली, डोळे मिटले. दगड मोजायला रस्तासुद्धा सरकत नव्हता.

जे व्हायचं ते झालं. खाकीत, भरल्या गाडीत, देवाच्या वाटेवर.

मला वाटलं, आता सगळे वळून बघणार. तेवढ्यात म्हातारीने माझी बाही ओढली. काखेतली चादर उलगडून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "तुका थंडी वाजता गो. ही घे, कमरेक बांध." त्या उकाड्यात. मी मुकाट्याने बांधली. मग तिने खिडकीची काच खटकन सरकवली आणि गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "कोणी रे सुकट हाडली गाडयेत? म्हाशिवरात्रीक? देवाक जाताना तरी लाज बाळगा." लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे संशयाने बघू लागले. मागे दोन बायकांची त्यावरून जुंपलीसुद्धा. कुणकेश्वर येईपर्यंत गाडीत सुकटीचाच विषय होता.

देवळामागच्या संडासात मी कपडे धुतले आणि ओलेच घातले. परतीच्या वाटेवर काका एवढंच बोलले, "उद्या तू ड्युटीर येव नको. सावंतवाडीक जा."

सावंतवाडीला पोटाचा एक डॉक्टर महिन्यातून दोन वेळा बसतो. तरुण, हळू बोलणारा. त्याने आधी रक्त तपासलं, मग दुर्बिणीची तपासणी केली. त्यासाठी पोट रिकामं करायचं औषध प्यावं लागतं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. नंतर त्याने मला पडद्यावर माझंच आतडं दाखवलं. मी समजत होते आत काळोख असेल. आत सगळं लालभडक होतं, खरचटल्यासारखं, जागोजागी बारीक व्रण. कुठेही हात लावा, रक्त यावं असं.

"मोठ्या आतड्याला सूज आहे. हा जंतूंनी केलेला जुलाब नाही, तुमच्याच शरीराचा आजार आहे," तो म्हणाला. "ताई, आतड्याची ही भिंत किती जाड असेल, काय वाटतं?"

मी म्हटलं, चामड्याएवढी तरी असेल.

"आतल्या अंगाचा पडदा फक्त एका पेशीचा. पेशीला पेशी चिकटून एकच रांग. एका बाजूला तुमचं रक्त, दुसऱ्या बाजूला कोट्यवधी जंतू. तेही तुमचेच, लहानपणापासून सोबत असलेले."

एका पेशीची भिंत. आमच्या गाडीचा पत्रासुद्धा त्याहून जाड असतो. मी विचारलं, मग इतकी वर्षं ती टिकली कशी? त्याने कागदावर रेघ ओढली आणि तिच्यावर जाडसर गिलावा काढला. भिंतीवर एक बुळबुळीत थर असतो, तो भिंतीतल्याच पेशी बनवतात. जंतू त्या थराच्या बाहेर राहतात. आपल्याला न पचलेला कोंडा, भाजीचे धागे, डाळीची सालं ते खातात, आणि खाऊन जे तयार करतात त्यावर भिंतीच्या पेशी जगतात. पेशींमधल्या फटींना दारं असतात. गरजेपुरती उघडतात, एरवी बंद.

"घंटी असते का त्यांना?" मी म्हटलं. तो हसला. कितीतरी महिन्यांनी मीही हसले.

मग त्याने गिलाव्यावरून पेन्सिल फिरवून तो पुसट केला. "हा थर विरळ झाला, फटी सैल पडल्या, की जंतू भिंतीला येऊन टेकतात. आतले शिपाई, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, खवळतात. मारामारीत भिंतच फुटते, म्हणजे आणखी जंतू आत, म्हणजे आणखी मारामारी. तुमच्यात सध्या हे चाललंय."

मी बॅगेतून गोळ्यांचं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. किती वर्षं, कशा घेतल्या, ते सगळं सांगितलं. पाणी, पेज, बिस्किटं, तेही सांगितलं. त्याने पाकीट उलटून गोळ्यांची नावं वाचली.

"ह्या पिवळ्या गोळीला आपला कोण, परका कोण, ते कळत नाही," तो म्हणाला. "ती सगळ्यांनाच झोडपते. आणि जे जंतू उरतात त्यांना खायला मिळालं नाही तर ते गिलावाच खाऊ लागतात. उंदरांमध्ये तसं दिसलंय. माणसांत किती होतं, ते नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे मीच केलं हे?"

"तसं मी म्हणणार नाही. अशा गोळ्या पुष्कळ लोक खातात, सगळ्यांना हे होत नाही. रक्तातून काही येतं, बाकी काय काय असतं ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही."

त्याने हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. निदान राग कुणावर काढायचा ते कळलं असतं. सात वर्षं मी ज्यांना मारत होते ते माझीच भिंत सांभाळत होते, एवढंच घेऊन मी खाली उतरले. आजार जाणार का, या प्रश्नावर त्याने सांगितलं होतं, तो जात नाही, झोपतो. औषधं रोज घ्यायची, तो जागा होऊ नये म्हणून.

औषधांनी रक्त थांबलं. चेहरा सुजला, मग उतरला. कळा कमी झाल्या, पण हुकूम पूर्ण बंद झाले नाहीत. डॉक्टरने सांगितलं होतं, भिंत भरून येते, तिच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या होतात, पण तिला धीर द्या. पाणी प्या. आधी मऊ खा, मग हळूहळू भाजी, डाळ वाढवा. मी सासूकडे जाऊन पेज मागितली तेव्हा तिने वाटी बाजूला ठेवून सरळ वाडगाच भरला. दिवसभर तिचा आवाज खुशीत होता.

आणि इथेच मी पुन्हा अडकले. डॉक्टर म्हणत होता, खा आणि पी. गाडी म्हणत होती, बांध. पोट बांधलं तर भिंत ढासळणार, सोडलं तर मी सड्यावर उभी. शेवटी एका रविवारी बसून मी अर्ज लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव, खिडकीचे काम मिळावे ही विनंती. घडी करून बॅगेत घातला. सोमवारी ड्युटी संपली की द्यायचा, असं ठरवलं.

सोमवारी दुपारी तळेऱ्याहून म्हातारी चढली. बाजार मंगळवारचा, ही सोमवारी कशी, असं मनात आलं. तिची पंचाहत्तरी कधीच उलटलेली, तिला प्रवास फुकट. मी मशीनवर शून्याचं तिकीट काढून दिलं. तिच्या पायाशी एक भलीमोठी पिशवी होती, टम्म फुगलेली, वर फडकं खोचलेलं. बाजाराच्या दिवशी मी ड्युटी बदलून घ्यायचे, म्हणून जत्रेनंतर पहिल्यांदाच तिच्यासमोर आले होते. तिच्याकडे बघायचं मी टाळलं. तिची चादर धुऊन घरी पडली होती, ती परत द्यायचंही धाडस झालं नव्हतं.

सड्यावर तिच्या थांब्याला मी दोरी एकदा ओढली. गाडी उभी राहिली. ती उतरेना.

"बाय, ह्या ओझा माझ्यान उचालना नाय. घरापर्यंत हाडून दी."

प्रवाशांची ओझी वाहणं कंडक्टरचं काम नव्हे. मी तसं तोंडावर म्हणणार होते. पण पोटात कळ आली होती आणि मला लवकर निघायचं होतं, म्हणून मी पिशवी उचलली. काका खाली उतरून म्हणाले, "टायर बघूक व्हयो." मी तिच्यामागून गेले. पिशवी दिसत होती त्यापेक्षा बरीच हलकी होती. तिचं घर रस्त्यापासून पंचवीस पावलं. घराच्या कडेला पत्र्याच्या दाराचा संडास, बाहेर पाण्याने काठोकाठ भरलेली बादली, कठड्यावर पालथा तांब्या.

"पाणी भरून ठेवलाय. जा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून तुळशीची सुकी पानं काढत बसली.

मी गेले. परत येऊन दोरी दोनदा ओढली. मला लाज वाटत होती, आणि इतकं हलकं वाटत होतं की त्याचीही लाज वाटत होती. संध्याकाळी अर्ज बॅगेतच राहिला. मंगळवारी मी चादर घेऊन गेले. तिने ती न बघता मांडीखाली सारली.

ती रोज येऊ लागली. सकाळच्या गाडीने पिशवी घेऊन तळेऱ्याला, दुपारच्या माझ्या गाडीने परत. रोज तिला तेच ओझं उचलेना, काकांना रोज टायर बघायचा असायचा. मी सकाळी पेज जेवू लागले, गाडीवर बाटलीतलं पाणी पिऊ लागले. काही दिवस गरज पडायची नाही, तरीही पिशवी न्यावी लागायची. ती सवलत ती द्यायची नाही.

गाडीतल्या एका माणसाने तिसऱ्या आठवड्यात तोंड उघडलंच. कुठल्याशा कार्यालयात कारकून असावा, हातात कायम फायलीची बॅग. "रोज रोज काय ह्या? आमका उशीर जाता."

"तुका खंय आग लागली आसा?" म्हातारी मागे न वळता म्हणाली. "गप बस."

तो घड्याळ बघत राहिला. मला वाटलं, हा एक दिवस वर लिहून देणार. तक्रार गेली की चौकशी, चौकशीत कारण, म्हणजे अर्जातलं कारण मला सगळ्यांसमोर तोंडाने सांगावं लागणार. त्यापेक्षा अर्ज बरा. मी पुन्हा ठरवलं, शुक्रवारी देऊन टाकायचा.

शुक्रवारी गाडी खचाखच भरलेली होती. पंप मागे पडताच पोटाने हुकूम सोडला होता आणि मी घाईत होते. सड्याच्या थांब्यावर पिशवी झटक्यात उचलली आणि तिचा एक बंद तुटला.

पायरीवरून, दारातून, थेट रस्त्यापर्यंत सोडणं पसरली. नारळाची सुकी सोडणं, चुलीत घालायला ठेवतात ती. तिच्याच अंगणातल्या ढिगातली. रोज सकाळी तळेऱ्याला नेलेली आणि दुपारी तशीच परत आणलेली. बाजाराचं काहीही त्या पिशवीत नव्हतं, कधीच नसावं.

सगळ्यांनी सोडणं पाहिली, मग म्हातारीला पाहिलं, मग मला. मी दांडी धरून उभी राहिले. मला कुठेतरी गडप व्हावंसं वाटलं.

कारकून उठला. फायलीची बॅग सीटवर ठेवून तो खाली उतरला आणि रस्त्यावर उभा राहून त्या पसाऱ्याकडे बघू लागला.

"बघतस काय?" म्हातारी म्हणाली. "भर."

त्याने वाकून एकेक सोडण पिशवीत भरलं. पायरीवरची भरली, चाकाजवळची भरली. तुटलेल्या बंदाला गाठ मारली, ओढून बघितली आणि पिशवी माझ्या हातात दिली. माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाला, "जावा तुमी. आमका घाई नाय."

मी पिशवी घेऊन पंचवीस पावलं धावले. बादली भरलेली होती.

परत आले तेव्हा सगळे आपापल्या जागी होते, कुणी खिडकीबाहेर बघत होतं, कुणी मोबाइलमध्ये. काका गाडीला टेकून उभे होते, मला बघून आपल्या जागेवर चढले. मी पायरीवर चढले आणि दोरी दोनदा ओढली.

"टायर बरो आसा," काका म्हणाले आणि गाडी निघाली.